सोन्याचं कॉन्सन्ट्रेट भाजताना: छिद्रं, हवा आणि सोमल

काही खनिजांतलं सोनं, ते विरघळवण्यासाठी वापरतात त्या सायनाइडला दादच देत नाही. दोन दोन दिवस बाटलीत फिरवलं तरी शंभरातले तीस-चाळीस भाग द्रावणात उतरतात आणि बाकीचं टेलिंगबरोबर, म्हणजे उरलेल्या गाळाबरोबर, वाहून जातं. हे सोनं पायराइट (लोखंड-गंधकाचं खनिज) किंवा आर्सेनोपायराइटच्या (त्यात आर्सेनिकही असतं) स्फटिकात इतकं सूक्ष्म विखुरलेलं असतं की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नाही. सायनाइड सल्फाइडच्या भरीव कणात शिरत नाही, त्यामुळे सोन्याची आणि त्याची गाठच पडत नाही. अशा मालाचं फेनतरणाने (फेसावर सल्फाइडचे कण तरंगवून) कॉन्सन्ट्रेट, म्हणजे सल्फाइड एकवटलेला माल, काढायचं आणि ते भाजायचं, हा शंभराहून अधिक वर्षं चालत आलेला मार्ग.

भाजणं म्हणजे ‘अशुद्धी जाळून टाकणं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्याने लक्ष चुकीच्या जागी जातं. गंधक आणि आर्सेनिक उडून गेलं तरी सोनं अडकलेलंच राहू शकतं. रोस्टरमधून, म्हणजे भाजण्याच्या भट्टीतून, खरं तर छिद्रं हवी असतात. पायराइटच्या एका रेणूभाराचं आकारमान सुमारे २४ घन सेंमी असतं. त्यातल्या लोखंडाचं हेमॅटाइट (तांबडं लोह ऑक्साइड) झालं की ते १५ घन सेंमीवर येतं. कणाचा बाहेरचा आकार तोच राहिला तर आत ३६-३७ टक्के पोकळी तयार होते. आर्सेनोपायराइटमध्ये हीच पोकळी ४३ टक्क्यांच्या आसपास जाते. या पोकळीचं बारीक, एकमेकांना जोडलेलं जाळं राहिलं तर सायनाइड आत शिरतं. जाळं मिटलं तर सगळी मेहनत पाण्यात.

मात्र रोस्टरकडे वळण्याआधी दोन स्वस्त चाचण्या कराव्यात. पहिली दळण्याची. ८० टक्के माल ७५ मायक्रॉनखाली, मग ३८, मग २० मायक्रॉनखाली असं दळून प्रत्येक वेळी सायनाइड चाचणी लावायची. रिकव्हरी (हाती आलेल्या सोन्याचं प्रमाण) भराभर चढत गेली तर भट्टीची गरज नाही, चांगली बारीक दळणारी चक्की पुरेल. दुसरी कार्बनची. एकाच मालाच्या दोन बाटल्या लावायच्या, एकीत सक्रिय कार्बन टाकायचा, दुसरीत नाही. कार्बनवाल्या बाटलीत रिकव्हरी ठळकपणे जास्त आली, तर खनिजातलाच सेंद्रिय कार्बन विरघळलेलं सोनं परत ओढून घेतोय असं समजावं. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या कार्लिन पट्ट्यात हा प्रकार सर्रास आढळतो. तिथे गंधक जाळून भागत नाही, कार्बनही जाळावा लागतो, आणि तो सल्फाइडपेक्षा सावकाश जळतो. म्हणूनच तिथल्या गोल्डस्ट्राइक खाणीत २००० साली सुरू झालेले रोस्टर हवेऐवजी ऑक्सिजनवर चालतात आणि तिथे कॉन्सन्ट्रेट न काढता सबंध खनिजच भाजलं जातं. सल्फाइड आणि कार्बननंतर हट्टी मालाचा तिसरा प्रकार ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या टेल्युराइडचा. त्यातलं सोनं टेल्युरियमशी संयोग झालेलं असतं आणि सायनाइडमध्ये फार हळू विरघळतं. भाजलं की टेल्युराइड फुटतं.

तीन टक्क्यांचा खेळ

पायराइट पूर्ण भाजून हेमॅटाइट करायचं तर चार रेणूंना ऑक्सिजनचे अकरा रेणू लागतात, म्हणजे एकाला २.७५. मॅग्नेटाइटपर्यंतच (कमी ऑक्सिजनचं, काळं चुंबकीय लोह ऑक्साइड) थांबायचं तर तिनाला आठ, म्हणजे एकाला २.६७. दोन्हींत फरक फक्त ३ टक्क्यांचा. आर्सेनिक असलेल्या मालाची सगळी गोम या तीन टक्क्यांत आहे.

आर्सेनोपायराइट तापलं की आर्सेनिक वाफेच्या रूपात सुटतं आणि मागे लोखंडाचं सल्फाइड राहतं. भोवती ऑक्सिजन कमी असेल तर वाफ कणाबाहेर पडते, वर वायूत जळून सोमल (आर्सेनिकचं ऑक्साइड) होते आणि निघून जाते. ऑक्सिजन मुबलक असेल तर आर्सेनिकचं आणखी ऑक्सिडीकरण होतं आणि ते हेमॅटाइटशी संयोग पावून लोखंडाचं आर्सेनेट बनतं. हे आर्सेनेट उडत नाही, कणातली छिद्रं बुजवतं आणि सोन्याभोवती नवी भिंत उभी करतं. एकदा झालं की नंतर कितीही भाजा, ते निघत नाही.

म्हणून भाजणी दोन टप्प्यांत करतात. पहिल्या टप्प्यात तापमान ५२५ ते ५७५ अंश सेल्सिअस ठेवतात आणि हवा मुद्दाम अपुरी देतात. आर्सेनिक निघून जातं, लोखंड मॅग्नेटाइट आणि पायरोटाइट (लोखंडाचं सल्फाइड) यांच्या मिश्रणात थांबतं. दुसऱ्या टप्प्यात ६०० ते ६७० अंशांवर भरपूर हवा देऊन उरलेलं गंधक काढतात आणि हेमॅटाइट करतात. आर्सेनिक नगण्य असेल तर एकच टप्पा पुरतो. दोन टप्प्यांचं यंत्र घेऊन ठेवायचं आणि त्यात निव्वळ पायराइट भाजायचं, यात फायदा काही नाही.

आता हिशोब बघा. मालातलं गंधक २० टक्क्यांवरून १९ वर आलं तर हवेची गरज ५ टक्क्यांनी घटते. आपल्याला सांभाळायचाय ३ टक्क्यांचा फरक. म्हणजे फेनतरणाकडून येणारा माल तासातासाला बदलत असेल तर पहिला टप्पा कोणीही सांभाळू शकणार नाही. मग नियंत्रण प्रणाली कितीही महागडी असो. रोस्टरआधी कॉन्सन्ट्रेटची मोठी, ढवळणारी टाकी हवी, निदान एका दिवसाचा माल मिसळून ठेवणारी. पैसे वाचवायचे म्हणून सगळ्यात आधी हीच टाकी छोटी केली जाते, आणि मग वर्षानुवर्षं रोस्टर चालवणाऱ्यांच्या नावाने खडे फोडले जातात.

फ्लुइड बेडमध्ये, म्हणजे खालून हवा सोडून माल उकळता ठेवणाऱ्या भट्टीत, आणखी एक गुंता आहे. हवा दोन कामं करते. माल जाळते आणि वाळूसारखा उकळता ठेवते. थर उकळता राहण्यासाठी वायूचा ठरावीक वेग लागतो, साधारण सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यामुळे हवा मनाला येईल तशी कमी करता येत नाही, बसलेला थर पुन्हा उठवणं महाकठीण. हवा जवळपास स्थिर ठेवायची आणि फीड, म्हणजे आत सोडला जाणारा माल, कमी-जास्त करायचं. पण फीडचा परिणाम दोन टप्प्यांत उलटा होतो. हवा जास्त असलेल्या टप्प्यात फीड वाढवलं की इंधन वाढतं, तापमान चढतं. हवा अपुरी असलेल्या टप्प्यात ऑक्सिजन आधीच संपलेला असतो. वाढीव फीड जळत नाही, उलट त्याच्याबरोबर आलेलं पाणी थर थंड करतं. नवखा ऑपरेटर तापमान पडताना बघून फीड वाढवतो, तापमान आणखी पडतं, तो आणखी वाढवतो. तासाभरात दुसऱ्या टप्प्यात न जळलेल्या सल्फाइडचा लोंढा जातो आणि तिथे तापमान हाताबाहेर जातं. पाळी बदलताना पहिली सूचना हीच द्यावी: पहिला टप्पा गार पडत असेल तर आधी फीड कमी करून बघ.

कच्चं आणि करपलेलं

कच्च्या मालात सल्फाइड उरतं. तो सायनाइड खातो, ऑक्सिजन खातो, थायोसायनेट बनवतो आणि आतलं सोनं मुळात मोकळं झालेलंच नसतं. करपलेल्या मालाचं दुखणं वेगळं. ७०० अंशांच्या पुढे हेमॅटाइटचे बारीक स्फटिक एकमेकांत मिसळून मोठे होतात, छिद्रं बंद होतात आणि सोनं पुन्हा कोंडलं जातं. रासायनिक विश्लेषणात हा माल उत्तम दिसतो. गंधक शून्याजवळ, आर्सेनिक नाही, रंग झकास. फक्त सोनं निघत नाही. दोन्ही वाईट, पण कच्चा माल परत भाजता येतो. करपलेल्याला उपाय नाही.

त्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थराचं सरासरी तापमान सांगतं, जळणाऱ्या कणाचं नाही. जोरात जळणारा कण भोवतालच्या थरापेक्षा बराच तापलेला असतो. पडद्यावर ६५० दिसत असताना कण ७०० ओलांडून गेलेला असू शकतो, विशेषतः ऑक्सिजन भरपूर असेल तेव्हा. म्हणून दुसऱ्या टप्प्यात येणारं गंधक थोडंच असलेलं बरं. पहिल्या टप्प्याने आपलं काम नीट केलं तर दुसरा आपोआप शांत चालतो.

जागेवर ओळखायच्या खुणा साध्या आहेत. नीट भाजलेला माल लालसर तपकिरी दिसतो. काळपट असेल आणि लोहचुंबकाला भरभरून चिकटत असेल तर मॅग्नेटाइट किंवा पायरोटाइट उरलंय. नेमकं कोणतं, ते बघायला चिमूटभर माल धूर-कपाटात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा आणि तोंडाशी लेड अॅसिटेटचा कागद धरायचा. कागद काळा पडला तर सल्फाइड आहे. निघणारा वायू विषारी असतो, म्हणून हे उघड्यावर किंवा सायनाइडच्या टाकीशेजारी कधीच करू नये. कॅल्साइनमधलं, म्हणजे भाजून निघालेल्या मालातलं, सल्फाइड गंधक अर्ध्या टक्क्याच्या बरंच खाली असावं.

उष्णतेचा जमाखर्च

एक किलो पायराइट हेमॅटाइटपर्यंत जळताना सुमारे ६.९ मेगाज्यूल उष्णता देतं. २० टक्के गंधकाच्या एक टन कॉन्सन्ट्रेटमध्ये ३७५ किलो पायराइट धरा, म्हणजे जमा साधारण २,६०० मेगाज्यूल. आता खर्च. माल ७५ टक्के घन असलेल्या दाट पल्पच्या रूपात सोडला तर टनामागे ३३३ किलो पाणी येतं. त्याची ६०० अंशांवरची वाफ करायला किलोमागे ३.६, एकूण १,२०० मेगाज्यूल. वायू तापवायला ९००, घन माल तापवायला ४५०. बेरीज २,५५०. भिंतीतून जाणारी उष्णता धरली तर हातातोंडाशी गाठ.

आता हाच पल्प ७० टक्के घनावर आला तर पाणी ४२९ किलो होतं आणि साडेतीनशे मेगाज्यूलची तूट पडते. थर विझायला लागतो, तेलाचे बर्नर पेटवावे लागतात. म्हणजे रोस्टरचं तापमान बऱ्याचदा थिकनरच्या (पल्पमधलं पाणी काढून तो दाट करणाऱ्या टाकीच्या) तळाशी बिघडलेलं असतं. उलट गंधक २८-३० टक्के असेल तर उष्णता उतू जाते आणि थरात पाण्याचे फवारे मारावे लागतात. गंधक १५ टक्क्यांच्या खाली असेल तर पल्पचा नाद सोडून माल गाळून, वाळवून कोरडा द्यावा.

हवा किती, तर किलो पायराइटला सुमारे २.४५ घनमीटर (शून्य अंशांवर मोजलेली). वरच्या उदाहरणात टनाला ९२० घनमीटर, शिवाय दुसऱ्या टप्प्यासाठी जास्तीची.

सुरुवात करताना थर बर्नरने ५०० अंशांच्या आसपास नेऊन मगच फीड सोडतात. पायराइट त्याआधीच पेट घेतं, पण गार थरात सोडलेला ओला माल गोळे धरतो. थर बसतोय का हे कळायला दाबातला फरक बघायचा. उकळत्या थराच्या वर-खालच्या दाबातला फरक म्हणजे थराचं वजन भागिले क्षेत्रफळ. हवा तीच असताना हा फरक अचानक घटला आणि वेगवेगळ्या थर्मोकपलची तापमानं एकमेकांपासून फाकायला लागली, तर हवा एका बाजूने भोक पाडून जातेय आणि बाकीचा थर मेलेला आहे. याचं कारण बहुधा मालातच सापडतं. अँटिमनीचं सल्फाइड ५५० अंशांजवळ वितळतं, शिशाची संयुगंही कमी तापमानात मऊ होतात, आणि कण एकमेकांना चिकटतात. अँटिमनी वाढलं की पहिल्या टप्प्याचं तापमान उतरवावं, माल इतर मालात मिसळून पातळ करावा. क्लोराइडवरही डोळा ठेवावा. खारट पाण्याने केलेल्या फेनतरणाचा केक गोड्या पाण्याने धुवून घेतला नाही तर भट्टीत सोन्याचं क्लोराइड होऊन थोडं सोनं चिमणीच्या वाटेने जातं. मीठ घालून भाजण्याच्या जुन्या पद्धतीत हा तोटा चांगलाच अंगलट आला होता.

प्रयोगशाळेत

मफल भट्टीतली (प्रयोगशाळेतली छोटी बंद भट्टी) चाचणी सोपी आहे, पण घाई केली की हमखास खोटं उत्तर देते. २०० ग्रॅम वाळलेला माल २० बाय ३० सेंमीच्या तबकात पसरायचा, थर दोन मिलिमीटरच्या आसपास राहतो. ३०० अंशांच्या भट्टीत ठेवून अर्ध्या तासाला शंभर अंश असं चढवायचं. ५०० ते ५५० वर तासभर दार जवळपास बंद ठेवून थांबायचं, दर दहा मिनिटांनी माल ओढून उलटापालटा करायचा. मग दार किंचित उघडं ठेवून ६०० ते ६५० वर दोन तास. धुराड्याचा पंखा पूर्ण वेळ चालू हवा आणि निघालेला वायू धुऊनच बाहेर जायला हवा. मालात आर्सेनिक असेल तर हे काम घरच्या भट्टीत किंवा अंगणात कोणीही करू नये. सोमलाची दोन-तीनशे मिलिग्रॅम मात्रासुद्धा जीव घेऊ शकते.

निवल्यावर वजन करा. २० टक्के गंधक, सगळं पायराइटमधलं, तर २०० ग्रॅमचे १७५ व्हायला हवेत. १८० भरले तर सल्फाइड उरलंय किंवा सल्फेट बनलंय. १७० भरले तर कार्बोनेट फुटलंय, नाहीतर ढवळताना धूळ उडाली. सोन्याचा प्रतिटन आकडाही याच हिशोबाने वाढतो. कॉन्सन्ट्रेट ५० ग्रॅमचं असेल तर कॅल्साइन ५७ ग्रॅमचं दिसेल. रिकव्हरी काढताना हे विसरलं की ताळेबंद कधीच जुळत नाही. आणि हेही खरं की मफलमध्ये पहिल्या टप्प्याची अपुरी हवा नीट साधत नाही. आर्सेनिकवाल्या मालासाठी छोटा फ्लुइड बेड किंवा वायू नियंत्रित करता येणारी फिरती नळीच हवी.

सायनाइडनंतरच्या शेषातही सोनं राहिलं तर तो शेष धुवून, सायनाइडचा अंशही उरला नाही याची खात्री करून, गरम हायड्रोक्लोरिक आम्लात लोखंड विरघळवायचं आणि पुन्हा सायनाइड लावायचं. आता सोनं निघालं तर ते हेमॅटाइटमध्ये कोंडलेलं होतं, म्हणजे माल करपलाय. नाही निघालं तर ते गारगोटीत आहे आणि त्यात रोस्टरचा दोष नाही.

भट्टीबाहेर

गरम कॅल्साइन थेट पाण्यात सोडतात. वाफेचा भडका उडतो, त्यामुळे माल एकसारखा आणि पाणी भरपूर लागतं. हे पाणी आम्लधर्मी होतं, सल्फेटं त्यात उतरतात. तांबं असेल तर ते सल्फेट होऊन इथेच धुऊन काढावं, पुढे गेलं तर सायनाइड फस्त करतं. धुणं टाळून नुसता चुना ओतणारे प्लांट दिसतात. चुन्याचा खर्च वाढतो आणि जिप्समची पुटं पाइपात बसतात. धुवून, हलकं दळून, चुन्याने सामू १०.५ ते ११ वर नेऊन मग सायनाइड. भाजणी साधली असेल तर रिकव्हरी ९० टक्क्यांच्या आसपास किंवा वर जाते. चांदी मात्र बऱ्याचदा आधीपेक्षा कमी निघते.

वायूचा मार्ग जास्त नाजूक. आधी गरम सायक्लोन. मग ३५० ते ४०० अंशांवरच स्थिरविद्युत अवक्षेपक, कारण या तापमानाला सोन्याची धूळ घन असते आणि सोमल अजून वाफच असतो. इथे एखाद्या सांध्यातून गार हवा आत ओढली गेली तर सोमल तिथेच जमतो, सोन्याच्या धुळीत मिसळतो आणि दोन्ही बिघडतात. यानंतर वायू झटकन ११०-१२० अंशांवर आणून पिशव्यांच्या गाळणीत सोमल धरतात. हळूहळू थंड केलं तर तो काचेसारखा चिकट थर धरतो. पिशवी फक्त घन कण अडवते. तापमान चढलं तर सोमल वाफ होऊन आरपार जातो, फार उतरलं तर पाणी आणि आम्ल सुटून पिशव्या लडबडतात. पारा असेल तर त्यासाठी वेगळी धुलाई लागते. शेवटी सल्फर डायऑक्साइड आम्लाच्या प्लांटला नाहीतर चुन्याच्या स्क्रबरला. शंभर किलो पायराइटमागे हा वायू १०७ किलो निघतो, म्हणजे जाळलेल्या मालापेक्षाही जास्त.

५ टक्के आर्सेनिकच्या टनभर कॉन्सन्ट्रेटमधून ६६ किलो सोमल निघतो. त्याला गिऱ्हाईक जवळपास नाही आणि तो पाण्यात विरघळतो. कॅनडातल्या यलोनाइफजवळच्या जायंट खाणीत १९४९ पासून १९९९ पर्यंत असंच भाजलं गेलं. पहिली दोन वर्षं वायू गाळलाच जात नव्हता, आणि १९५१ मध्ये तिथे सोमल पडलेल्या बर्फाचं पाणी पिऊन डेने समाजातलं एक लहान मूल दगावलं. नंतर धूळ धरायला सुरुवात झाली आणि ती खाणीतल्याच रिकाम्या दालनांत भरत गेली. आज तिथे २,३७,००० टन सोमल आहे, आणि पाणी पोहोचू नये म्हणून भोवतालचा खडक गोठवून ठेवायची योजना राबवली जातेय. कालगुर्लीजवळचा गिडजी रोस्टर १९८९ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये बंद झाला. तिथला माल आता भाजत नाहीत, अतिसूक्ष्म दळतात.